गोड सुटत नाही कारण ताट अर्धंच राहतं: खाण्यात नावडी जास्त असणाऱ्यांनी साखर कशी कमी करायची

आमच्या खान्देशात भरीत न खाणारा माणूस लोकांना पटतच नाही. हिवाळा लागला की शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात, तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजतात, सोबत कळण्याची भाकर, कांद्याची पात, मिरचीचा ठेचा, आणि मी तिथे भाकर आणि ठेचा खाऊन उठणारी. घरी आलं की अर्ध्या तासात हात बिस्किटाच्या डब्यात. भरीत नाही, गिलकी (घोसाळी) नाही, दोडकी नाही, कारलं, दुधी, पोकळा, मोड आलेली मटकी, काहीच नाही. आई वैतागून म्हणायची, "तुले आवडस तरी काय?" आणि खरं उत्तर होतं गोड. त्याला कधीच नाही म्हटलं जायचं नाही.

३५ व्या वर्षी वजन ७८ किलोवर गेलं, रिपोर्टमध्ये एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी) ५.९ आली म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर (५.७ ते ६.४ हा तो उंबरठा धरतात), तेव्हा मी डाएट चार्ट आणला. त्यात सकाळी मोड आलेली कडधान्यं, दुपारी दुधी, संध्याकाळी सॅलड, रात्री सूप. माझ्या घशाखाली यातलं एकही उतरत नाही. चार दिवस उपाशीच राहिल्यासारखी राहिले आणि पाचव्या दिवशी दराब्याचे चार लाडू एका बैठकीत खाल्ले. असं तीनदा झालं. मग डोक्यात जे शिरलं ते आज सविस्तर लिहितेय कारण माझ्यासारखे खूप जण आहेत आणि त्यांना सगळे फक्त "मनावर ताबा ठेवा" एवढंच सांगतात. ज्याच्या नावडी जास्त त्याचं जेवण अर्धं राहतं आणि ती उरलेली भूक साखरेने भरली जाते. म्हणून आधी गोड तोडायला जाऊ नका, आधी जेवण पूर्ण करा, आणि ते तुम्हाला आवडतं त्यातूनच.

पहिले तीन दिवस नुसतं लिहायचं

काहीही बदलू नका. वहीत दोन रकाने करा. एकात गोड काय खाल्लं आणि किती वाजता. दुसऱ्यात त्याच्या आधीच्या जेवणात ताटात काय राहिलं किंवा काय वाढूनच घेतलं नाही. हा दुसरा रकाना कुणी सांगत नाही पण सगळा उलगडा त्याच्यातच आहे. माझं मंगळवारचं पान असं होतं: डब्यात गिलक्याची भाजी, ती तशीच परत आणली, दीड पोळी चटणीशी खाल्ली, ४ वाजून २० मिनिटांनी क्रीमची सहा बिस्किटं आणि दोन चमचे साखरेचा चहा, रात्री साडेदहाला ओट्यापाशी उभं राहून दोन लाडू, लाइटसुद्धा लावला नव्हता. बुधवारी डब्यात पाटोडीची रस्सा भाजी होती, ती माझी एकदम आवडती, दोन पोळ्यांशी सगळी संपवली, आणि दुपारच्या रकान्यात नुसता चहा. रात्री काहीच नाही. माणूस तोच, ऑफिस तेच, बिस्किटाचा पुडा त्याच ड्रॉवरमध्ये. फरक पाटोडीचा होता, म्हणजे बेसनाचा, म्हणजे डाळीचा.

यामागचं कारण साधं आहे. नुसती पोळी-चटणी किंवा नुसता भात-पापड खाल्ला की पोट भरल्यासारखं वाटतं पण ते लवकर रिकामं होतं, प्रोटीन आणि चोथा (फायबर) असेल तर भूक उशिरा लागते. आणि भूक लागली की शरीर सगळ्यात पटकन जे ताकद देईल ते मागतं, ते म्हणजे साखर.

मग होकाराची यादी

नावडीची यादी आपल्याला तोंडपाठ असते, घरच्यांनाही असते. तुम्ही उलटी करा. एका कागदावर जे जे तुम्ही कुणी न सांगता, नाक न मुरडता खाता ते सगळं लिहा, तळलेलं असलं तरी लिहा. माझ्या यादीत तेहेतीस गोष्टी निघाल्या, मला वाटलं होतं दहासुद्धा निघणार नाहीत. मग त्यात डाळ, बेसन, शेंगदाणे, अंडं, दूध, दही, ताक यातलं काहीही ज्यात आहे त्याला खूण करा.

खान्देशात जन्मलो याचा इथे खरा उपयोग होतो. आपलं निम्मं जेवण भाजीशिवाय डाळीवर उभं आहे. पाटोडी, डुबुक वडे, झुणका, उडदाचं वरण, वरण-बट्टी (बट्टी दोनच आणि वरण वाटीभर जास्त, इथे लोक उलटं करतात). आणि सगळ्यात भारी कळण्याची भाकर. ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळलं की कळणा, ज्वारीत १०० ग्रॅमला साधारण १० ग्रॅम प्रोटीन असतं आणि उडदात २४ च्या आसपास, म्हणजे ज्याला कडधान्याची उसळ बघूनच कसंतरी होतं त्याच्या पोटात कडधान्य भाकरीतून जातं, दिसत नाही, दाताखाली येत नाही, चव तर आपल्याला लहानपणापासून माहीत. मी ज्वारीच्या चार वाट्यांना एक वाटी उडीद धरते. शेवभाजी मात्र या यादीत असली तरी खूण करू नका, शेव बेसनाची असली तरी तळलेली असते आणि वरून तर्री, ती आठवड्यातून एकदा, आवडीची म्हणून खायची.

अंडं खात असाल तर मोठंच काम सोपं झालं, एका अंड्यात ६ ग्रॅम प्रोटीन आणि ७०-७५ कॅलरी.

ताट भरायचे दोन आठवडे

आता पुढचे दोन आठवडे गोड कमी करायचं नाही, असं म्हटलं की लोक माझ्याकडे बघत राहतात पण मी खरंच सांगते. फक्त नाश्ता आणि दुपारचं जेवण खुणेच्या यादीतून पूर्ण करायचं. नाश्त्याला नुसते पोहे खाऊन मी अकरालाच बिस्किटं शोधायचे. पोह्यांत मूठभर शेंगदाणे आणि सोबत वाटीभर दही, किंवा मुगाच्या डाळीची दोन धिरडी, किंवा रात्रीची कळण्याची भाकर तव्यावर कुरकुरीत करून दह्याशी. यातलं एक सकाळी नऊच्या आत. दुपारी डब्यात भाजी आवडीची नसेल असं आदल्या रात्रीच माहीत असतं ना, मग सकाळी दहा मिनिटांत झुणका हलवायचा किंवा दोन अंडी उकडून टाकायची आणि सोबत ताक. नावडती भाजी "बघू खाऊ थोडी" म्हणून नेऊ नका. ती परतच येते आणि चार वाजता त्याची किंमत आपण बिस्किटात मोजतो.

दोन आठवड्यांनी परत तीन दिवस लिहून बघा. माझं दुपारचं गोड आपोआप निम्म्यावर आलं होतं आणि मी कशाशीही भांडले नव्हते.

आता साखर, आणि सुरुवात चहापासून

हिशोब करा. पाच कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, झाले दहा चमचे. चमच्याला ५ ग्रॅम धरले तर ५० ग्रॅम, ग्रॅमला ४ कॅलरी म्हणजे २०० कॅलरी रोज नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलंय की वरून घातलेली साखर, त्यात मध आणि फळांचा रसही आला, दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या, २००० कॅलरी खाणाऱ्याला ते ५० आणि २५ ग्रॅम होतात. म्हणजे बिस्किट-लाडवाला हात न लावताही वरची मर्यादा चहातच संपली.

एकदम बिनसाखरेचा चहा करू नका. ज्यांच्या जिभेला बदल चालत नाही त्यांना तो औषधासारखा लागतो आणि दोन दिवसांत दोन चमचे परत येतात. दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. पाव चमचा जिभेला कळतच नाही, कळलं तर तोच आठवडा अजून एकदा करा. मी दोनवरून अर्ध्यावर यायला नऊ आठवडे घेतले आणि तिथेच थांबले, अर्धा चमचा मला हवा आहे. कप पाचाचे तीन केले. दोनेक महिने कमी गोड खाल्लं की जीभच बदलते, पूर्वीचा चहा पाकासारखा लागतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.

घरात सगळ्यांचा चहा एकाच पातेल्यात होतो ही खरी अडचण. सासूबाईंना मी म्हटलं, "आई, माझा चहा बिनसाखरेचा गाळून ठेवा, मी कपात घालून घेते." पहिले आठ दिवस त्या विसरायच्या, मी काही बोलले नाही, मग आपण होऊन वेगळा कप ठेवायला लागल्या. चमचा आपल्या हातात आला की मोजता येतो, एवढ्यासाठी हे करा.

गूळ, मध, शुगर फ्री याबद्दल थोडक्यात. गुळाच्या चहाने वजन उतरत नाही, गुळात आणि साखरेत कॅलरी जवळजवळ सारख्याच, आणि गूळ म्हटलं की आपण हात सैल सोडतो. शुगर फ्रीच्या गोळ्या वजन कमी करायला म्हणून वापरू नका असं त्याच संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंय (आधीच डायबिटीस असणाऱ्यांसाठी तो सल्ला नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारावं), आणि माझा अनुभव असा की त्याने जिभेची गोडाची पातळी तिथेच राहते. पाकिटावरचं मागचं लेबल मात्र वाचायला शिका, ५ ग्रॅम साखर म्हणजे एक चमचा एवढं गणित पुरे. सॉस, फ्लेवरचं दही, पौष्टिक म्हणून मिळणारी दुधात घालायची पावडर यांच्या मागचं वाचलं की धक्का बसतो. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सहा चमचे.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो तेव्हा पुष्कळदा गोड नाही, पाणी हवं असतं. उन्हातून आलं की थंड गोड पाण्याची तलप येते, रसवंती समोर दिसतेच. आधी माठातलं पाणी, मग मीठ-जिरं घातलेलं ताक, आणि दहा मिनिटांनी ठरवा रस प्यायचा का. मी दहातले आठ वेळा पुढे निघून जाते.

चार वाजता आणि रात्री साडेदहाला

या दोन वेळा वेगळ्या आहेत. चारची भूक खरी असते, तिला मनाने दाबू नका, तिला खायला द्या. नावडी असणाऱ्यांना खाण्याचा पोत फार महत्त्वाचा असतो, मऊ लिबलिबीत चालत नाही पण कुरकुरीत चालतं, म्हणून तर बिस्किट आवडतं. तर कुरकुरीतच द्या. फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे निम्मे-निम्मे, एक मूठ, दोन्हीत प्रोटीन चांगलं. शेंगदाण्यात तेल भरपूर म्हणून ३० ग्रॅमलाच १७० कॅलरी होतात, तेव्हा डबा समोर घेऊन बसायचं नाही, सकाळीच छोट्या डबीत मोजून भरायचे. भाजलेला बिबडा (ज्वारीचा पापड) आणि चार शेंगदाणे हे तर माझं सगळ्यात लाडकं. ज्वारीच्या लाह्या फोडणी देऊन. काकडी, गाजर चालत असेल तर मीठ-तिखट लावून.

आणि केळी. जळगाव जिल्ह्यात राहून वजनाच्या भीतीने केळी सोडणारे मी बघितलेत आणि तेच लोक चहाबरोबर अर्धा पुडा बिस्किटं खातात. मध्यम केळ्यात १०० च्या आसपास कॅलरी, साखर १४ ग्रॅम पण सोबत ३ ग्रॅम चोथा, आणि एक खाल्लं की माणूस थांबतो. ग्लुकोज बिस्किटात साधारण पाव भाग साखर आणि थांबायची जागाच नाही. गोडाची आठवण फारच झाली तर दिवसाला एक केळं, शेंगदाण्यांसोबत. केळ्याचे वेफर्स मात्र केळ्यात धरू नका. हिवाळ्यात मेहरुणची बोरं येतात तेव्हा मी वाटीभर बोरं घेऊन बसते, खायला वेळ लागतो आणि हात-तोंड दोन्ही गुंतून राहतं.

रात्रीचं गोड भुकेचं नसतं. दिवसभर सगळ्यांचं केल्यावर तो एकच वेळ आपला असतो आणि लाडू म्हणजे आपल्याला मिळालेली मजुरी. मला हे कळायला फार दिवस लागले. त्यासाठी जागा बदलली. जेवण झालं की दात घासायचे, मग पंधरा मिनिटं गल्लीत फेरी, शेजारच्या काकूंबरोबर. जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातली साखरही कमी चढते. गोडाची लाट वीसेक मिनिटांत ओसरते, ती वीस मिनिटं स्वयंपाकघराच्या बाहेर काढायची एवढंच. आणि उशिरापर्यंत मोबाइल बघत जागलं की दुसऱ्या दिवशी गोड जास्त मागितलं जातं, झोप कमी झाली की भुकेची हार्मोन्स वाढतात, हे वहीत स्वच्छ दिसेल.

लाडवाचा डबा ओट्यावरून उचला. फेकायचा नाही, घरात मुलं-म्हातारी असतात, त्यांचं खाणं आपण कशाला बंद करायचं. पण काचेच्या बरणीतून स्टीलच्या डब्यात आणि ओट्यावरून वरच्या फळीवर, एवढ्याने अर्धं काम होतं. आणि गोड खायचंच ठरवलं तर वाटीत घेऊन, खाली बसून, लाइट लावून. उभ्याने खाल्लेलं मोजलं जात नाही.

नवीन चव शिकायची ती शेवटी

हे सगळं बसल्यावर, तिसऱ्या महिन्यात वगैरे, एक नावडती भाजी हातात घ्या. एकच. लहान मुलांना नवीन चव आवडायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा चाखावी लागते, मोठ्यांनाही एका घासाने निर्णय देऊन चालत नाही. पद्धत अशी की आवडत्या गोष्टीच्या अगदी शेजारून शिरायचं. मला गिलक्याचा त्रास चवीचा नव्हता, शिजलं की ते घशात सरकतं त्याचा होता. गिलक्याची भजी मी खायचे म्हणजे चव चालत होती. मग पातळ चकत्या, तिखट-मीठ आणि चमचाभर बेसन भुरभुरून तव्यावर दोन चमचे तेलात कडा काळपट होईपर्यंत. पहिल्यांदा दोन चकत्या, बस. नवव्या वेळेला मी पूर्ण गिलकं खाल्लं. रस्सा भाजी आजही खात नाही आणि खाणारही नाही. घरच्यांनी जबरदस्ती करू नये, "एवढं तरी खा" म्हटलं की घसा बंद होतो, हे त्यांना शांतपणे एकदाच सांगून टाका.

आखाजी आणि उपवास

अक्षय तृतीयेला माहेरी खापराची पुरणपोळी आणि आंब्याचा रस, झाडाला झोके, बहिणी जमलेल्या, तिथे डाएट सांगायचं नाही आणि सांगूही नये. मी पोटभर खाते. नियम दोनच, रसात वरून साखर घालायची नाही, आणि सण दोन दिवसांचा, आठ दिवस डब्यात भरून आणलेला नाही. सकाळी उपाशी राहून "दुपारी खायचंय" असं करू नका, सकाळी धिरडं खाऊन जा, मग एक पोळी पुरते.

चतुर्थीला नुसता साबुदाणा खाल्ला की संध्याकाळी गोड मागितलंच जातं. भगर आणि शेंगदाण्याची आमटी, सोबत दही, याने माझा उपवास शांत जातो.

पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस गोड जास्त हवं असतं, तेव्हा पाव चमचा कमी करायचा आठवडा सुरू करू नका. एखाद्या दिवशी सगळं बिघडलं तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहून फेडायचं नाही, पुढचं जेवण खुणेच्या यादीतलं, पूर्ण.

दोन गोष्टी मात्र डॉक्टरांच्या. डायबिटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर आणि जेवण आपल्या मनाने कमी करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते, आधी त्यांच्याशी बोला. आणि तुम्हाला चालणाऱ्या गोष्टी अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतील, नवीन पदार्थ बघून मळमळत असेल, अशक्तपणा असेल तर ते नखरे नसतात. एआरएफआयडी नावाने २०१३ पासून मानसिक आजारांच्या डॉक्टरी यादीत त्याची नोंद आहे आणि त्यावर मदत मिळते.

माझं वजन चौदा महिन्यांत ७८ चं ६९ झालं, मध्ये दोन महिने अजिबात हललं नाही. एचबीए१सी ५.५ आहे. सध्या मी दोडक्यावर आहे, साल काढून किसून मुगाच्या धिरड्यात घालते, सातवी वेळ झाली. बिया दाताखाली आल्या की अजून अडते, म्हणून कोवळी दोडकी बघून आणते आणि बिया आधीच काढून टाकते.